शब्दाची जात विचारणारं शुद्धलेखन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका शेतकऱ्यानं मेसेज टाकला. तसाच्या तसा देतो : "चार दिवसापासुन टॅकर आल नाही. बाया विहीरीत ऊतरायल्यात. साहेबानी लक्ष घालाव."

ग्रुपवर ग्रामसेवक होते, तीन-चार गुरुजी होते, पंचायत समितीचे माजी सदस्य होते, आम्ही पत्रकारही होतो. पहिलं उत्तर आलं ते असं : "विहीरीत नाही, विहिरीत. आधी शुद्ध लिहायला शिका." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मग अर्धा तास 'मराठीचा दर्जा कसा घसरलाय' यावर चर्चा. टँकरचं कुणी नाव काढलं नाही. थोड्या वेळानं त्या माणसानं मेसेज डिलीट करून टाकला.

असं रोज होतंय. पीकविम्याची तक्रार असो, रोजगार हमीच्या मजुरीची असो, शाळेच्या गळक्या छपराची असो. मुद्दा खोडता आला नाही की वेलांटी पकडायची. आणि पकडणाऱ्याला वाटतं आपण मराठीची सेवा केली.

आधीच सांगतो, मी नियमांच्या विरोधात नाही. वीस वर्षं बातम्या लिहितोय. रोज पाच-पंचवीस प्रेसनोटा दुरुस्त करणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी छापला तर वाचक वैतागतो, हे मला कळतं. भाषा लाखो लोकांनी वाचायची तर लिहायची काहीतरी एक रीत लागतेच. माझं भांडण त्या रीतीत काय भरलंय त्याच्याशी आहे, आणि ती कुणाच्या पाठीवर वाजवली जाते त्याच्याशी आहे.

आता तो 'विहिरीत'च घ्या.

नियम काय सांगतो? शब्द 'विहीर'सारखा अकारान्त असला की शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी दीर्घ : विहीर, जमीन, गरीब, वकील. त्याच शब्दाला प्रत्यय लागला की ती ऱ्हस्व : विहिरीत, जमिनीवर, गरिबाला, वकिलाकडे. इथपर्यंत ठीक आहे, पोरं पाठ करतील. पण पुढं 'शरीर' येतं. त्याचं 'शरीराला'. इथं वेलांटी ऱ्हस्व होत नाही. का? कारण शरीर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, तत्सम. मग 'मंदिर' येतं. बोलायला 'जमीन'सारखंच, पण यात 'दि' ऱ्हस्व. का? पुन्हा तेच, तत्सम.

म्हणजे जाफराबाद किंवा मंठ्याच्या चौथीतल्या पोरानं वेलांटी काढायच्या आधी ठरवायचं की हा शब्द कोणत्या घरातला. संस्कृतच्या घरातून आला असेल तर त्याच्या वेलांटीला हात लावायचा नाही, तो जन्माला आला तसाच राहणार. अरबी-फारसीतून आलेले गरीब, वकील, जमीन आणि आजीच्या तोंडातून आलेली विहीर यांना दुसरा कायदा. ज्या गावात पोराचं नाव विचारल्यावर पुढचा प्रश्न आडनावाचा असतो, त्या गावात शब्दालाही आडनाव विचारूनच वागवायचं, असा हा प्रकार आहे. पोराला संस्कृत येत नाही, फारसी येत नाही. त्यानं हे ओळखायचं कसं? ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याच्या डोळ्याला शब्दाची सवय असते, तो ओळखतो. ज्याच्या घरी पुस्तकं नाहीत तो अंदाजानं लिहितो आणि निम्म्या वेळा चुकतो. मग आपण म्हणतो, याला मराठी येत नाही.

पुढची गंमत बघा. एकटा 'मंत्री' दीर्घ, पण 'मंत्रिमंडळ' लिहिताना ऱ्हस्व. 'कवी' दीर्घ, 'कविसंमेलन' ऱ्हस्व. 'विद्यार्थी' दीर्घ, 'विद्यार्थिगृह' ऱ्हस्व. यालाही कारण संस्कृतच. मंत्री एकटा असला की मोठा आणि मंडळात गेला की छोटा होतो, हे राजकारणात आम्ही बघतोच म्हणा. पण ते शिकायला व्याकरण कशाला?

बरं, या चुका कानाला कळतात का? कुणी 'कर'च्या जागी 'खर' लिहिलं तर वाचणारा अडखळेल, अर्थच बदलेल. पण 'शरीराला' आणि 'शरिराला' मोठ्यानं वाचा आणि शेजारच्याला विचारा कोणतं कोणतं. 'दिन' आणि 'दीन' अशा चार-दोन जोड्या गुरुजी दाखवतात, त्याही संस्कृतातल्याच, आणि वाक्यात त्यांचा घोटाळा होत नाही. रोजच्या मराठी बोलण्यात या लांबी-आखूडपणावर अर्थ सहसा अवलंबून नसतो. अर्थाला धक्का लागत नाही, कानाला फरक कळत नाही, तरी गुण जातो. मग नक्की तपासलं काय? पोराची भाषा की त्याच्या घरातलं पुस्तकांचं कपाट?

लगेच कुणीतरी म्हणेल, ही हजार वर्षांची परंपरा आहे. नाही. ही परंपरा दोनशे वर्षांचीसुद्धा नाही.

समर्थ रामदास आमच्या जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातल्या जांबला १६०८ मध्ये जन्मले. त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. जरूर वाचा. अक्षर गोलसर आणि सुटसुटीत कसं काढावं, ओळी सारख्या कशा ठेवाव्यात, बोरू कसा असावा, कागद कसा जपावा, हे सगळं त्यात आलंय. भर आहे तो वाचणाऱ्याला सुखानं वाचता यावं यावर. तो उपदेश ब्राह्मणांना उद्देशून सुरू होतो हेही लक्षात घ्या, कारण लिहिणं तेव्हा ठरावीक घरांतच होतं.

आणि मोडी? शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचा कारभार मोडीत चालला. सनदा, महजर, जमाखर्च, लढायांची पत्रं, सगळं मोडीत. त्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. एकाच प्रकारची वेलांटी, एकाच प्रकारचा उकार. त्या लिखाणावर राज्यं चालली, महसूल गोळा झाला, हुंड्या वटल्या. 'किल्ला' कसा लिहिला यावरून कुणी किल्ला हरल्याचं ऐकलं नाही.

मग हे आलं कुठून? छापखाना आणि सरकारी शाळा या दोन्हींबरोबर. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि मुंबई इलाख्यात कंपनी सरकारला शाळांसाठी छापील मराठी पुस्तकं हवी झाली. पुस्तकं छापायची तर मराठी कोणती, हे ठरवावं लागलं. हे काम कंपनीच्या फौजेतले अधिकारी मोल्सवर्थ, त्यांचे सहकारी जॉर्ज आणि थॉमस कँडी आणि त्यांच्या हाताखालची शास्त्रीमंडळी यांनी केलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. थॉमस कँडी पुढं शालेय पुस्तकांची भाषा तपासत राहिले. आज आपण वाक्य संपल्यावर जो पूर्णविराम देतो, मधे स्वल्पविराम देतो, ती चिन्हं मराठीत रुळवण्यात याच कँडीसाहेबांचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्याला आपण 'शुद्ध' मराठी म्हणून छातीशी धरतो, तिची ठिगळं इंग्रजाची आहेत आणि कापड शास्त्रीबुवांनी निवडलेलं आहे.

हे लोक कष्टाळू होते. मोल्सवर्थचा कोश मी आजही उघडतो, माझ्या भागातला एखादा जुना शब्द त्यात सापडला की आनंद होतो. पण शब्द कसा लिहायचा हे ठरवताना हाताशी माप होतं ते संस्कृतचं. कारण शास्त्र्यांना तेच येत होतं. दुसऱ्या कुणाला कुणी विचारलं नाही.

आणि आपण तेव्हा कुठं होतो? जालना निजामाच्या राज्यात. गावात इंग्रजांची छावणी होती, पण मुंबई इलाख्याच्या शाळाखात्याचा हात इथवर पोचत नव्हता. पुढं रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, गावकुसाबाहेरच्या लोकांत काम केलं, शाळा चालवल्या. बाकी निजामी राजवटीत कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठी घरात बोलायची आणि शाळेत उर्दू गिरवायची, असं आमच्या आजोबांच्या पिढीचं आयुष्य गेलं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. तोवर लिहायच्या मराठीचं सगळं घर बांधून झालं होतं. आम्ही त्यात शेवटी आलेले भाडेकरू.

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. त्याच काळात तिथंही हेच काम चाललं होतं, पण उलट्या दिशेनं.

नोआ वेब्स्टर नावाचा कनेक्टिकटचा एक शाळामास्तर. अमेरिका इंग्रजांपासून नुकतीच सुटत होती. शाळेत पुस्तकं मात्र इंग्लंडची. १७८३ मध्ये वेब्स्टरनं स्पेलिंगचं एक स्वस्त पुस्तक काढलं. निळ्या पुठ्ठ्याचं म्हणून ते ओळखलं जायचं. पुढच्या शंभर वर्षांत त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. १८२८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यानं सत्तर हजार शब्दांचा कोश काढला. म्हणजे मोल्सवर्थच्या फक्त तीन वर्षं आधी. त्याचं म्हणणं असं की भाषेचा नियम लंडनच्या दरबारातून येऊ नये, आपल्या लोकांच्या वापरातून निघावा. 'कलर' आणि 'ऑनर' या शब्दांत ऐकू न येणारा 'यू' त्यानं काढून टाकला. 'म्युझिक'च्या शेवटी लोंबणारा 'के' छाटला. 'सेंटर'ची शेवटची दोन अक्षरं उच्चाराप्रमाणं फिरवली. काही सुधारणा लोकांनी मानल्या नाहीत, 'टंग' आणि 'विमेन' या शब्दांसाठी त्यानं सुचवलेली सोपी स्पेलिंगं कुणी उचलली नाहीत. पण दिशा बघा. शिकणाऱ्याचं ओझं कमी करायचं, ही ती दिशा.

वेब्स्टर काही संत नव्हता. सगळ्या देशानं एकाच वळणाचं बोलावं असा त्याचा हट्ट होता. आणि त्याच अमेरिकेत दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता. पण गंमत अशी की गुलामीत जन्मलेला फ्रेडरिक डग्लस चोरूनमारून लिहायला शिकला तो वेब्स्टरच्याच पुस्तकातली अक्षरं गिरवून. पुढं तो गुलामीविरुद्धच्या लढ्याचा सगळ्यात मोठा आवाज झाला. पुस्तक स्वस्त होतं, सोपं होतं, म्हणून ते नको त्या हातात पडलं. नको त्या हातात पडण्यासाठीच पुस्तक सोपं असावं लागतं.

आता हा धागा आपल्याकडं जोडा. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा नगरला होती. ती पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्याच जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं त्यांनी मांडलं की सरकारची तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर खर्च होतो, आधी गावोगावी प्राथमिक शाळा काढा.

आणि या माणसाला उत्तर काय मिळालं? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या भाषेची, त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. मुद्दा होता शूद्रातिशूद्रांच्या गुलामीचा, आणि हिशेब मागितला गेला लिंग-वचनाचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विहीर दुरुस्त करणारे साहेब आपण काही नवीन केलं असं समजत असतील तर त्यांना सांगा, ही युक्ती दीडशे वर्षं जुनी आहे. जोतीरावांची 'अशुद्ध' पुस्तकं आज गावागावांत वाचली जातात, हा भाग वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे नियम बदलता येतात. एकदा बदललेही आहेत.

तुमच्या आजोबांच्या काळातलं मराठी पुस्तक उघडा. त्यात 'घरांत', 'नाहीं', 'कांहीं', 'मीं' असं लिहिलेलं दिसेल. प्रत्येक शब्दावर टिंब. बोलताना त्यातलं बहुतेक ऐकू येत नव्हतं, पण व्याकरणात कधीकाळी होतं म्हणून लिहायचं, नाही लिहिलं तर चूक. मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झालं. महामंडळानं १४ नियम केले, १९६२ मध्ये राज्य शासनानं ते मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. त्या नियमांनी ही न ऐकू येणारी टिंबं एका फटक्यात काढून टाकली. 'कवि' आणि 'गुरु' यांच्या शेवटच्या अक्षरालाही मराठी वळण देऊन 'कवी' आणि 'गुरू' केलं. काय झालं? मराठी बुडाली? ज्ञानेश्वरी वाचता येईना झाली? काही झालं नाही. उलट लाखो पोरांच्या पाठीवरचं ओझं उतरलं. ज्यांना तेव्हा धर्मसंकट वाटत होतं त्यांचीच नातवंडं आज टिंबांशिवाय लिहितात.

आणि एक बघा. महामंडळाच्या त्या नियमांचं नाव आहे 'मराठी लेखनविषयक नियम'. त्या नावात 'शुद्ध' हा शब्द नाही. 'शुद्ध' आपण डोक्यावर घेऊन बसलो. मराठवाड्यात तरी 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द जरा जपून वापरावेत. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर त्यांचा वापर कसा झाला हे आपल्या गावांना माहीत आहे.

कुणी म्हणेल, त्या महामंडळात मराठवाडा साहित्य परिषद होतीच की. होती. पुणे, मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा अशा चारही संस्था होत्या. पण साहित्य परिषदेची खुर्ची म्हणजे चौथीच्या वर्गातला बाक नव्हे. १९६२ मध्ये अनुस्वारावर घाव घालणाऱ्यांनी तत्सम शब्दांच्या दाराशी हात आखडता घेतला. काम अर्धवट राहिलं. त्याला आता साठ वर्षं उलटून गेली.

या अर्धवट कामाची किंमत कोण मोजतं ते सांगतो.

आमच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लेकरं बरोबर जातात किंवा आजीजवळ राहतात. चार-पाच महिने शाळा तुटते. परत आल्यावर ते लेकरू जे लिहितं त्यात गाळप असतं, कोयता असतो, पाचटाला लागलेली आग असते. कुठल्याही लेखकाला हेवा वाटावा असा ऐवज. आणि त्या वहीवर लाल शाईनं काय येतं? ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ. तीन पानं लिहिणारं पोर पुढच्या वेळी पाच ओळी लिहितं. त्याला कळलेलं असतं की जितकं कमी लिहू तितक्या चुका कमी. आपण लिहिणारं पोर घेतो आणि गप्प बसणारं पोर परत देतो. दोष एकट्या गुरुजींचा नाही. त्यांनाही वरून तपासणीचं तेच कोष्टक दिलेलं असतं.

मग तेच पोर मोठं होऊन पोलीस भरतीला, तलाठी भरतीला बसतं. पेपरात प्रश्न : खालीलपैकी शुद्ध शब्द ओळखा. चार पर्याय, चारीत वेलांटी-उकारांची उलटापालट. एका गुणावर नोकरी जाते. आता मला सांगा, तलाठ्याला काय यायला हवं? सातबारा वाचता यायला हवा, पंचनामा खरा लिहिता यायला हवा, समोरच्या माणसाचं गाऱ्हाणं समजायला हवं. यातलं काही तो प्रश्न तपासत नाही. तो फक्त कोणत्या उमेदवारानं क्लासला किती पैसे भरले ते तपासतो. या याद्यांच्या पाठांतरावर शहरात क्लासेसचे मजले चढलेत.

आणि दुसऱ्या बाजूला सरकारची स्वतःची मराठी बघा. शासननिर्णय उघडा. 'उपरोक्त संदर्भाधीन विषयान्वये' असं सुरू होतं आणि वाक्य दुसऱ्या पानावर संपतं. त्यात एकही वेलांटी चुकलेली नसेल, पण ज्याच्यासाठी तो निर्णय काढला त्या बाईला त्यातलं एक अक्षर कळत नाही. अनुदान मिळणार की नाही, एवढं विचारायला तिला कुणाच्या तरी दारात जावं लागतं आणि तिथं शंभर रुपये मोजावे लागतात. मग शुद्ध मराठी कोणती? कळणारी की न कळणारी?

दोन आक्षेप नेहमी येतात.

पहिला, असं सुरू केलं तर अनागोंदी माजेल. माझं म्हणणं उलट आहे. आज जी आहे ती अनागोंदीच आहे. दुकानांच्या पाट्या बघा, पुढाऱ्यांचे फ्लेक्स बघा, सरकारी फलक बघा, पदवीधरांच्या पोस्टी बघा. नियम इतके अपवादांनी भरलेत की साठ वर्षं शिकवूनही राज्यातल्या बहुतेकांना ते जमलेले नाहीत. जो नियम बहुतेकांना जमत नाही त्यात दोष बहुतेकांचा कसा? साधा, अपवाद नसलेला नियम केला तर उलट सगळे एकसारखं लिहितील.

दुसरा आक्षेप, आता मोबाइलच दुरुस्त करतो, मग वाद कशाला? मोबाइल दुरुस्त करतो तो इंग्रजी. मराठी कीबोर्ड काय करतो ते तुम्हीही भोगताय. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये, चौथीच्या वर्गात मोबाइल नसतो. तिथं लाल पेन असतं.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो आणि ठासून सांगतो. एकसारख्या लेखी मराठीनं मराठवाड्याचं भलं केलंय. १९६७ मध्ये बालभारती निघाली आणि पुण्याच्या पोराच्या हातात जे पुस्तक तेच भोकरदनच्या पोराच्या हातात आलं. उर्दूत शिकलेल्या बापाचा लेक मराठीत अर्ज लिहू लागला, वकील झाला, लेखक झाला. ही छोटी गोष्ट नाही. म्हणूनच मी म्हणतोय की हे घर पाडू नका, दार रुंद करा. बोलीत बोलणारं पोर प्रमाण मराठी शिकायला तयार आहे. त्याला 'यायलंय' आणि 'येत आहे' यातला फरक दोन दिवसांत कळतो, कारण तो ऐकू येतो. संस्कृतची वंशावळ त्याला ऐकू येत नाही.

आता मागण्या. सरळ पाच आहेत.

एक, शब्दाचं मूळ बघून वेलांटी ठरवणं बंद करा. जो नियम विहिरीला तोच शरीराला. मंत्र्याला मंडळात जाताना सूट नको. निदान पहिली काही वर्षं दोन्ही रूपं बरोबर धरा.

दोन, आठवीपर्यंत ऱ्हस्व-दीर्घासाठी गुण कापू नका. चूक दाखवा, समजावून सांगा, पण गुण मजकुराला द्या.

तीन, भरती परीक्षांतून 'शुद्ध शब्द ओळखा' हा प्रकार काढा. त्याऐवजी एक खरा तक्रारअर्ज द्या आणि त्याचं चार ओळींत सोपं उत्तर लिहायला सांगा. कोण कारभार करू शकतो ते लगेच कळेल.

चार, 'शुद्धलेखन' हा शब्द पाठ्यपुस्तकांतून काढून 'प्रमाणलेखन' लिहा.

पाच, सरकारी कार्यालयांनी नागरिकाचा अर्ज कसा लिहिलाय हे बघायचं नाही, काय लिहिलंय ते बघायचं. आणि स्वतःचे निर्णय माणसाला कळतील असे लिहायचे.

हे करणार कोण? महामंडळ आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे, बालभारती आहे, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण फटाके वाजवले. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय आपण सगळ्यांनी मिळून मागे घ्यायला लावला. चांगलं केलं. बाहेरच्या भाषेनं पोरांवर ओझं टाकू नये म्हणून रस्त्यावर उतरलो. आता आपल्याच भाषेनं पोरांवर टाकलेलं ओझं उतरवायला एक समिती बसवा. तिच्यात प्राध्यापक असू द्या, पण त्यांच्याएवढेच जिल्हा परिषद शाळांचे गुरुजी आणि बाई असू द्या, आश्रमशाळेचे शिक्षक असू द्या, एखादा तलाठी, एखादा मुद्रितशोधक असू द्या. १९६२ मध्ये हे नियम माणसांनी बसून केले होते. आता माणसांनीच बसून ते दुरुस्त करायचे आहेत.

ज्यांना पटत नाही त्यांनी खाली लिहा. ज्यांना पटतंय त्यांनीही लिहा. आणि ज्यांना 'आपल्याला काय लिहिता येतं' असं वाटून आजवर एकदाही कमेंट करावीशी वाटली नाही, त्यांनी तर नक्की लिहा. जसं येतं तसं. या भिंतीवर तुमची वेलांटी कुणी तपासणार नाही.